भरलेली कार्ट्रिज प्रिंटर नाकारतो तेव्हा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भरून आणलेली कार्ट्रिज बसवली आणि प्रिंटर 'नॉन-जेन्युइन चिप' म्हणून अडला, तर टोनरला दोष देऊ नका. अडवते ती नखाएवढी चिप, आणि बऱ्याचदा मागे नुकताच आपोआप आलेला फर्मवेअरचा, म्हणजे प्रिंटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचा, अपडेट असतो.

प्रिंटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) ब्राउझरमध्ये टाकून सेटिंग उघडली, आधी ऑटो अपडेट बंद केला, मग कार्ट्रिज प्रोटेक्शन, म्हणजे कार्ट्रिज त्या प्रिंटरशी बांधणारी सोय. कार्ट्रिज बसवण्याआधीच हे प्रोटेक्शन बंद हवं. ती एकदा त्या प्रिंटरशी बांधली गेली की सेटिंग बदलूनही सुटत नाही. जुनं फर्मवेअर परत टाकायच्या नादी लागलो नाही, बऱ्याच मॉडेलांत ती वाट मुद्दाम बुजवलेली असते.

त्याच मॉडेलच्या संपलेल्या मूळ कार्ट्रिजची चिप पातळ ब्लेडने अलगद उचकटली, डबल टेपने भरलेल्या कार्ट्रिजवर बसवली. जरा तिरकी बसली तरी संपर्क तुटतो. चिपच्या सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. डाग पडलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल.

चिप जुनी, म्हणून 'टोनर संपला' दिसतच राहणार. 'व्हेरी लो'च्या सेटिंगला 'कंटिन्यू' ठेवलं की छपाई सुरू. खरी पातळी मात्र अक्षरं फिकी पडल्यावरच कळते.