अन्यायकारक रिव्ह्यू आला? मग या चुका टाळा

एक स्टारचा रिव्ह्यू दिसला की एअरबीएनबी या अॅपवरून पाहुण्यांना खोली भाड्याने देणारे बहुतेक नवे होस्ट पाच मिनिटांत उत्तर ठोकून मोकळे होतात. बाकी सगळ्या चुका निस्तरता येतात, पण या एका उत्तराने होणारं नुकसान पुढची कितीतरी बुकिंगं खातं.

ओळखीच्या एका होस्टकडे पाहुण्यांनी बंद खोलीत सिगारेटी ओढल्या. त्याने हटकलं. निघताना त्यातल्या एकाने फोन केला : अर्धे पैसे परत करा, नाहीतर एक स्टार देतो. होस्ट फोनवरच कडाकडा भांडला आणि अॅपमध्ये मात्र एक ओळही लिहिली नाही. दोन दिवसांनी रिव्ह्यू आला, 'खोली कळकट, मालक उद्धट.' एअरबीएनबीच्या नियमांत रिव्ह्यूची धमकी देऊन पैसे मागणं बसत नाही, असा रिव्ह्यू काढला जाऊ शकतो. पण पुरावा दाखवायचा कुठून? तक्रार फेटाळली गेली. मग त्याने रात्री जागून लांबलचक उत्तर लिहिलं. सिगारेटी, शिव्या, 'असल्या लोकांना घरात घेऊ नये', सगळं त्यात होतं. पुढे चौकशी करणारे लोक विचारू लागले, काही तक्रार असेल तर तुम्हाला सांगितलेलं चालेल ना? रिव्ह्यूतलं 'उद्धट' त्याने स्वतःच्या हाताने खरं करून दाखवलं होतं.

म्हणून फोन आला तर ठेवल्या ठेवल्या अॅपमध्ये लिहा : 'आत्ता फोनवर आपण अर्धे पैसे मागितलेत आणि न दिल्यास एक स्टार देऊ म्हणालात. पैसे परत करणं मला शक्य नाही.' माझी ही पक्की सवय आहे. पाहुणा रागात 'हो, म्हणालोच' असं उत्तर देतो, आणि पुरावा तयार होतो. व्हॉट्सअॅपवर गप्पा मारणं सोपं वाटतं, पण वाद झाला की उपयोगी पडतो तो अॅपमधलाच मजकूर.

रिव्ह्यूला उत्तर द्यायला 30 दिवस मिळतात. मी एक रात्र तरी जाऊ देतेच. चार ओळी पुरतात : काय खरं होतं, काय दुरुस्त केलं, काय खरं नव्हतं. 'दुसऱ्या दिवशी गरम पाणी नव्हतं, हे खरं. गीझर त्याच संध्याकाळी बदलला. स्वच्छतेबद्दल मुक्कामात काही कळवलं असतं तर लगेच माणूस पाठवला असता.' हे वाचणारा माणूस तुमचा पुढचा पाहुणा असतो. गेलेल्याला पटवण्यात शक्ती घालवू नका.

तक्रारीत 'हे खोटं आहे' एवढंच लिहू नका. खरं-खोटं करत बसणं हे प्लॅटफॉर्म आपलं काम मानत नाही. धमकी, सूड, मुक्कामाशी संबंध नसलेला मजकूर, प्रतिस्पर्ध्याने लिहिलेला रिव्ह्यू : यातला कुठला नियम मोडला ते नेमकं सांगा आणि संदेशाचा स्क्रीनशॉट जोडा. मोडतोड झाली असेल तर फोटो काढून रिव्ह्यू यायच्या आधीच कळवा. नंतर कळवलंत तर सूड तुम्हीच उगवताय असं दिसतं.

सवलत देऊन पाच स्टार मागू नका. ते नियमाबाहेर आहे, आणि मला तरी लाजिरवाणं वाटतं.

एकूण स्टार म्हणजे स्वच्छता, संवाद वगैरेंची सरासरी नव्हे. ते पाहुणा वेगळे देतो. तेव्हा 'सगळीकडे पाच दिले, मग एकूण तीन कसे?' यावर भांडत बसू नका.

सगळ्यात जास्त चीड येते ती पाहुण्याबद्दल रिव्ह्यू न लिहिणाऱ्या होस्टची. 'मी लिहिलं तर तो वाचून सूड घेईल' ही भीती निराधार आहे. दोघांनी लिहिल्यावर किंवा चेकआउटनंतरचे 14 दिवस संपल्यावरच दोन्ही रिव्ह्यू दिसतात. तुम्ही गप्प बसलात की खोलीत धूर करणारा तो पाहुणा पुढच्या होस्टकडे बिनबोभाट बुकिंग करतो. दोन ओळी लिहा, पण घडलं तेवढंच लिहा : 'मनाई असूनही खोलीत सिगारेट ओढली, सांगूनही थांबले नाहीत.'