टाकीतलं पाणी घरच्या घरी निर्जंतुक कसं करावं

“टाकी धुवायची आणि चमचाभर पावडर टाकायची, एवढंच तर आहे.” हा सल्ला देणारा कधी विचारत नाही की चमचा कोणता, पावडर किती जुनी, टाकी किती लिटरची आणि पाणी कुठलं. तरीही हाच सल्ला घरोघरी फिरतो, म्हणून हा लेख सविस्तर लिहिते आहे.

छोट्या शहरात ही काळजी घरातच घ्यावी लागते, त्याला कारण आहे. नळाला पाणी ठरावीक वेळच येतं. पाणी बंद असताना पाइपातला दाब जातो आणि गळक्या सांध्यांतून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. शुद्धीकरण केंद्रातून पाणी चांगलं निघालं तरी तुमच्या टाकीत पडेपर्यंत ते तसंच राहील, याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. टीडीएस मीटर बुडवून “आमचं पाणी शुद्ध आहे” असं म्हणणं बंद करा. ते यंत्र पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. जंतू त्याला दिसत नाहीत. मैल्याचा अंश मिसळलेलं पाणीसुद्धा त्या मीटरवर छान आकडा दाखवू शकतं.

टाकी धुणं

टाकी रिकामी करा, गाळ काढा, ब्रशने घासा, दोनदा खंगाळा. साबण किंवा फिनेल वापरू नका. झाकण घट्ट बसतं का ते बघा आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी लावा.

गच्चीवरच्या टाकीसाठी एवढं पुरे. जमिनीखालची टाकी मात्र जिवावर बेतू शकते. बंद टाकीत प्राणवायू कमी झालेला असतो, माणूस आत उतरताच बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच कोसळतो. झाकण उघडून हवा खेळू द्यावी, पण तेवढ्यावर विसंबून एकट्याने आत उतरू नये. लांब दांड्याच्या ब्रशने वरूनच काम होत असेल तर उतरूच नका. उतरायचंच असेल तर हे काम नेहमी करणाऱ्या माणसाला बोलवा, त्याच्या कमरेला दोर बांधा आणि वर दोघंजण थांबा. मोटारीचं नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा. वायर सोडून बल्ब आत नेऊ नका, बॅटरीचा टॉर्च वापरा. आत माणूस असताना टाकीत क्लोरीनची पावडर अजिबात पडता कामा नये.

संडास साफ करायचं ॲसिड टाकीच्या डागांवर ओतणारे लोक मी पाहिले आहेत. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसं जाळतो. अमोनिया असलेला क्लीनरही ब्लीचमध्ये मिसळायचा नाही. या वस्तू एका कपाटातसुद्धा शेजारी ठेवू नका.

धुतल्यावर टाकी एकदा कडक मात्रेने निर्जंतुक करायची. पाव टाकी भरली की १,००० लिटर क्षमतेमागे सुमारे १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर (आपल्याकडे जिला टीसीएल म्हणतात ती) बादलीत कालवून ओता आणि टाकी पूर्ण भरा. मग सगळे नळ वास येईपर्यंत सोडून बंद करा, २४ तास तसंच ठेवा आणि शेवटी सगळं पाणी काढून टाका. हे पाणी प्यायचं नाही, झाडांना घालायचं नाही, मासे असलेल्या पाण्यात सोडायचं नाही.

गढूळ पाणी

गढूळ पाण्यात क्लोरीन घालणं म्हणजे क्लोरीन वाया घालवणं. मातीच्या कणांआड जंतू लपतात आणि पाण्यातला सेंद्रिय मळ क्लोरीन खाऊन टाकतो. डोळ्यांना गढूळपणा साधारण ४ एनटीयूच्या (हे गढूळपणा मोजायचं एकक) पुढे दिसू लागतो, आणि निर्जंतुकीकरणासाठी पाणी शक्यतो १ एनटीयूच्या आत हवं. म्हणजे पाणी नुसतं धूसर दिसलं तरी आधी तुरटी फिरवा, गाळ बसू द्या आणि वरचं नितळ पाणी वेगळं काढा. तुरटीने पाणी नितळतं, निर्जंतुक होत नाही.

मात्रा ठरवणं: सगळी मेख इथे आहे

मलाही हाच टप्पा सगळ्यांत उशिरा जमला, आणि बहुतेक लेख नेमका हाच एका ओळीत उरकतात.

मुळात समजून घ्यायचं ते हे, की पाण्यात किती क्लोरीन घातलं त्याने तुमचं रक्षण होत नाही. अर्ध्या तासानंतर किती उरलं, त्याने होतं. घातलेल्या क्लोरीनमधलं काही लोह खातं, काही अमोनिया, काही शेवाळ आणि मळ. प्रत्येक पाण्याची ही भूक वेगळी असते, आणि त्याच विहिरीची भूक पावसाच्या आधी एक आणि नंतर दुसरी असते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे: पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली ते सांगणारा आकडा) ८ च्या खाली असताना किमान ३० मिनिटांच्या संपर्कानंतर लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम किंवा जास्त मुक्त क्लोरीन (कशाशीही न जुळलेलं, जंतू मारायला मोकळं असलेलं) उरलेलं असावं, आणि वापराच्या नळापर्यंत ते निदान ०.२ मिलिग्रॅम टिकावं. वरची मर्यादा लिटरमागे ५ मिलिग्रॅम आहे.

दुसरी अडचण पावडरीची. टीसीएल ताजी असते तेव्हा तिच्यात वजनाच्या ३३ टक्क्यांच्या आसपास कामाचं क्लोरीन असतं. पिशवी उघडी राहिली, दमट हवा लागली की ते झपाट्याने उतरतं. गुठळ्या झालेली, वास गेलेली पावडर फेकून द्या. पाकिटावरच्या टक्केवारीवर मी कधीच विसंबत नाही, म्हणून बादल्यांची चाचणी करते.

एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम टीसीएल घाला. नेहमी पाण्यात पावडर घाला, पावडरीवर पाणी ओतू नका. हे काम मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून करा. ढवळा, अर्धा तास ठेवा, चुना खाली बसू द्या. वरचं स्वच्छ द्रावण तेवढं घ्या. पावडर ताजी असेल तर हे साधारण १ टक्क्याचं द्रावण होतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये सुमारे १० मिलिग्रॅम क्लोरीन.

आता प्लास्टिकच्या चार स्वच्छ बादल्या घ्या. धातूच्या नकोत. प्रत्येकीत टाकीतलंच पाणी बरोबर १० लिटर भरा. सुई काढलेल्या सिरिंजने पहिलीत १ मिलिलिटर, दुसरीत २, तिसरीत ३, चौथीत ४ असं द्रावण सोडा. दहा लिटरला एक मिलिलिटर म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅमची मात्रा. प्रत्येक बादली ढवळा, झाका, सावलीत ठेवा आणि घड्याळ लावा. ३० मिनिटं म्हणजे ३० मिनिटंच. पाणी फार गार असेल तर तासभर द्या. घाई करून दहाव्या मिनिटाला मोजलेला आकडा फसवा असतो, कारण भूक तोवर भागलेली नसते.

मग प्रत्येक बादलीतलं उरलेलं मुक्त क्लोरीन मोजा. जिच्यात ते ०.५ च्या आसपास आहे ती तुमची बादली. समजा २ मिलिलिटरच्या बादलीत ०.५ उरलं, तर १,००० लिटरच्या टाकीला त्याच्या शंभरपट, म्हणजे त्याच द्रावणाचे २०० मिलिलिटर लागतील. या पद्धतीत पावडर किती जुनी हा प्रश्नच उरत नाही, कारण जी पावडर टाकीत जाणार तिचीच परीक्षा झालेली असते. चारही बादल्यांत शून्य आलं तर मात्रा वाढवण्याआधी गढूळपणा पुन्हा बघा. चारही बादल्यांत भरपूर उरलं तर अर्ध्या मिलिलिटरपासून सुरू करा.

मोजण्याबाबत मी हट्टी आहे. वासावरून ठरवू नका. ज्याला आपण क्लोरीनचा उग्र वास म्हणतो तो पुष्कळदा क्लोरीन आणि अमोनियाच्या संयुगांचा असतो, आणि ती संयुगं जंतू मारण्यात मुक्त क्लोरीनच्या पासंगालाही पुरत नाहीत. ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीन या रसायनाने पाणी पिवळं करून क्लोरीन मोजायची पद्धत) अजून खूप ठिकाणी वापरतात. त्यात मुक्त क्लोरीनचा रंग काही सेकंदांतच बघावा लागतो. उशीर केला तर ही संयुगंही रंगात मिसळतात आणि आकडा फुगतो. शिवाय ते रसायन विषारी आहे. मिळत असेल तर डीपीडी गोळ्यांचाच संच घ्या. त्यात मुक्त क्लोरीनसाठी क्रमांक १ ची गोळी असते आणि पाणी गुलाबी होतं.

डीपीडीतही एक सापळा आहे. क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग क्षणभर चमकून उडतो आणि पाणी पुन्हा बिनरंगी दिसतं. बघणारा म्हणतो “शून्य आहे” आणि आणखी पावडर ओततो. शंका आली तर नमुना क्लोरीन नसलेल्या पाण्यात, उदाहरणार्थ डिस्टिल्ड पाण्यात, दहापट पातळ करा, पुन्हा गोळी टाका आणि आलेल्या आकड्याला दहाने गुणा. गोळीला बोट लावू नका. नळी आधी त्याच पाण्याने खंगाळा, रंग पांढऱ्या कागदापुढे धरून आणि लगेच बघा. तपासलेलं पाणी ओतून द्या.

हे मोजणं किती मोलाचं आहे ते वॉकर्टनने दाखवलं. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातलं हे सुमारे पाच हजार वस्तीचं गाव. मे २००० मध्ये जोराच्या पावसानंतर जवळच्या शेतातल्या शेणखतातले ई. कोलाय जंतू एका उथळ विहिरीत उतरले. पाण्यात क्लोरीन घातलं जात होतं, पण उरलेलं रोज मोजलं जात नव्हतं आणि वहीत खोटे आकडे भरले जात होते. ७ माणसं गेली, २,००० हून जास्त आजारी पडली. नंतरच्या न्यायालयीन चौकशीचा निष्कर्ष असा होता, की त्या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रं असती तर ही साथ टळली असती.

टाकीत घालणं आणि नळाशी तपासणं

ठरलेलं द्रावण टाकी भरत असताना ओता, म्हणजे पाण्याच्या धारेने ते मिसळतं. टाकी भरल्यावर अर्धा तास नळ उघडू नका. मग टाकीपासून सगळ्यांत लांबच्या नळाचं पाणी मोजा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच नळाला पुन्हा मोजा. रात्रीतून आकडा ०.२ च्या खाली गेला तर टाकीत अजून मळ आहे किंवा झाकणातून ऊन शिरतंय. उन्हाने क्लोरीन उडतं.

द्रावण गडद बाटलीत, अंधारात, मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा आणि आठवड्याने नवीन करा. पाण्याची बाटली त्यासाठी कधीही वापरू नका. पावडर कोरड्या जागी, प्लास्टिकच्या डब्यात, तेल, रंग, पेट्रोलपासून लांब ठेवा.

क्लोरीनला जे जमत नाही

क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात त्याने सुमारे चार लाख लोक आजारी पाडले, आणि तिथलं पाणी क्लोरीन घातलेलंच होतं. घरात तान्हं मूल किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं कुणी असेल तर पिण्याचं पाणी उकळा. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं, समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. वीस मिनिटं उकळायला सांगणारे फक्त इंधन जाळायला लावतात.

पण फ्लोराइड, आर्सेनिक आणि नायट्रेट ना क्लोरीनने जातात ना उकळून. उकळताना पाणी आटतं आणि त्यांचं प्रमाण उलट वाढतं. लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट असलेलं पाणी बाटलीने दूध पिणाऱ्या बाळाला द्यायचं नाही. बोअरचं पाणी पीत असाल तर या तिघांसाठी प्रयोगशाळेची तपासणी एकदा तरी करून घ्याच.

जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. ती निर्जंतुक असते आणि तिच्यात क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट असतं, म्हणून ती खंगाळायची नाही. नळाची जाळी काढा, पाणी थोडा वेळ वाहू द्या, झाकणाच्या आत बोट न लावता बाटली भरा आणि बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांच्या आत पोचवा. अहवालात १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही नसावा. एक जरी सापडला तरी त्या दिवसापासून पाणी उकळूनच प्या, टाकी पुन्हा कडक मात्रेने निर्जंतुक करा आणि बादल्यांची चाचणी नव्याने करा.