पहिली-दुसरीच्या वर्गात हिवाळा रंगवायचा तर तो मुंबईचाच घ्या

डिसेंबर लागला की टीचर लोकांच्या ग्रुपवर स्नोमॅनची तीच ती शीट फिरायला लागते. मीपण एका वर्षी अख्ख्या वर्गाला चाळीस झेरॉक्स वाटल्या होत्या. नाक केशरी, मफलर लाल, दोन मिनिटांत सगळे मोकळे आणि एकजण म्हणतो, बाई हा तर पांढराच आहे ना, मग रंगवू काय? बरोबरच होतं त्याचं. तेव्हापासून मी आधी इथला हिवाळा घेते, बर्फ सगळ्यात शेवटी.

सुरुवात स्ट्रॉबेरीने करा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी या दिवसांत मार्केटात, स्टेशनबाहेर कुठेही मिळते, एक बॉक्स आणायचा, प्रत्येक बेंचवर एक फळ ठेवायचं आणि पाच मिनिटं मेणाचे खडू हातात द्यायचेच नाहीत. फक्त बघायचं. बिया कुठेत? आत नाही, बाहेर, आणि प्रत्येक बी आपापल्या छोट्याशा खळग्यात बसलेली, पिवळसर. देठाजवळ लाल रंग फिका होत होत पांढरा होतो. हे मुलांनी स्वतः शोधलं की मग शीट द्या. आधी पिवळ्याने दाबून ठिपके, मग त्यांच्या भोवतीने लाल, देठाकडे येताना हात हलका. माझ्या वर्गात एका मुलीने अर्धा तास नुसते ठिपकेच केले, लाल राहूनच गेला, मी तिला घाई केली नाही कारण एवढं एकाग्र बसलेलं मी तिला आधी पाहिलंच नव्हतं. खायला द्यायची असेल तर धुऊन द्या आणि ॲलर्जीचं पालकांना आदल्या दिवशीच विचारून घ्या.

दुसरा विषय फ्लेमिंगो. मराठीत रोहित किंवा अग्निपंख, मुलांना अग्निपंख शब्द फार आवडतो. हिवाळा सुरू झाला की हजारोंनी येतात, शिवडीला, ऐरोलीला, ठाणे खाडीत दिसतात, तिथे २०१५ पासून त्यांचं अभयारण्यच आहे. बऱ्याच मुलांच्या घरून रविवारी बघायलाही जाता येतं. इथे एक गंमत हमखास करा. शीटवर चार-पाच पक्षी ठेवा आणि सांगा की यातलं एक पिल्लू आहे, त्याला राखाडी करा. मुलं विचारणारच का, मग सांगायचं की यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, शेवाळ आणि बारीक जीव खाऊन खाऊन हळूहळू चढतो, जन्मतः नसतो. चोचीचं टोक काळं. नुसता गुलाबी खडू फिरवण्यापेक्षा असं एक कारण मिळालं की मुलं घरी जाऊन तेच सांगत बसतात.

गेटवेच्या लाँचमागे उडणारे सीगल पण घ्या, तेही थंडीतलेच पाहुणे. पांढरा पक्षी पांढऱ्या कागदावर कसा दाखवायचा, तर पक्षी कोरा सोडून आभाळ रंगवायचं. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी ही मोठी गोष्ट आहे, पहिल्यांदा फळ्यावर करून दाखवावी लागते.

संक्रांतीला पतंग. चार त्रिकोण करून चार रंग, अर्धा-पाव आपोआप शिकून होतो. काळा झबला पण काढू द्या, काळा रंग ऊन शोषून घेतो म्हणून थंडीत घालतात हे जाता जाता सांगायचं.

आणि मग बर्फ. सगळ्यांच्या डब्यात पांढरा खडू कोराच पडलेला असतो, तो इथे कामाला येतो. पांढऱ्या जाड कागदावर त्याने दाबून बर्फाचे तारे काढायचे, काहीच दिसत नाही, मग वरून पातळ निळा वॉटरकलर फिरवायचा की मेणावर पाणी ठरत नाही आणि तारे उमटतात. वर्गात जो आवाज होतो ना! पण तारा सहा हातांचाच काढून घ्या, बर्फाचा कण सहा बाजूंनीच वाढतो, कॅलेंडरवर आठ हातांचे छापतात ते चूक.

आता थोडं सामानाचं. बाह्यरेषा जाड छापा, बारीक नक्षीची शीट या वयाला नको. तुकडा झालेले खडू टाकू नका, छोटा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तीन बोटांतच धरावा लागतो आणि पेन्सिलची पकड सुधारते, नवीन लांब खडूपेक्षा मला तेच जास्त उपयोगी वाटतात. प्रत्येक बेंचला एका झाकणात मिळून खडू ठेवा म्हणजे महागडा बॉक्स कोणाचा हा प्रश्नच येत नाही. रेषेबाहेर गेलं तर लगेच टोकू नका, त्याऐवजी विचारा की इथे हा रंग का घेतलास, आणि जो शब्द मूल बोलेल तो चित्राखाली त्यालाच लिहू दे, ‘राखाडी’ चुकीचं लिहिलं तरी चालेल.

आणि पंखे बंद करा, नाहीतर अर्धे कागद बेंचखाली. वाळल्यावर भिंतीला सेलोटेप लावू नका, रंग निघतो, कॉरिडॉरमध्ये सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवा, मुलांच्या उंचीवर, आपल्या नाही.