साइन, कॉस, टॅन: कोन ठरवल्याशिवाय बाजूंना नावं देऊ नका

काटकोन त्रिकोणात साइन म्हणजे संमुख (समोरची) बाजू भागिले कर्ण, कॉस म्हणजे लगतची बाजू भागिले कर्ण, टॅन म्हणजे संमुख भागिले लगतची. सूत्रं तोंडपाठ असतात, तरी उत्तर चुकतं. माझ्या मते बहुतेक वेळा कारण एकच असतं: 'संमुख' म्हणजे नेमकी कोणत्या कोनाच्या समोरची, हे ठरवलेलंच नसतं.

त्रिकोण अबक घ्या. ब पाशी काटकोन, अब = ३, बक = ४, कर्ण अक = ५. कोन अ च्या समोर बक आहे, म्हणून साइन अ = ४/५. आता कोन क घ्या. त्रिकोण तोच, मापं तीच, पण बक आता लगतची बाजू झाली आणि समोर आली अब. साइन क = ३/५, आणि कॉस क = ४/५. साइन अ आणि कॉस क सारखे आले, हा योगायोग नाही. दोन्ही लघुकोनांची बेरीज ९०° असते आणि एकाची संमुख बाजू तीच दुसऱ्याची लगतची असते. साइन थीटा = कॉस (९०° − थीटा) हे सूत्र इथूनच येतं; आकृतीत ते दिसलं की वेगळं पाठ करावं लागत नाही. म्हणून आधी कोनावर खूण करा, मग बाजूंवर नावं लिहा. दुसऱ्या कोनाकडे वळलात की जुनी नावं खोडून पुन्हा लिहा.

लगतची बाजू ओळखताना आणखी एक गोंधळ होतो, कारण कोनाला दोन बाजू चिकटलेल्या असतात आणि त्यांतली एक कर्ण असते. कर्ण आधी बाजूला काढा. काटकोनासमोरची बाजू तो कर्ण, मग आकृतीत ती तिरपी असो वा आडवी. त्रिकोणात काटकोनच नसेल, तर ही सूत्रं थेट लावता येत नाहीत. आधी लंब टाकावा लागतो.

त्रिकोण मोठा म्हणून साइन मोठा, असंही काहींना वाटतं. ३-४-५ ऐवजी ६-८-१० घ्या: ८/१० म्हणजे पुन्हा ४/५च. त्रिकोण समरूप आहेत, कोन बदललेला नाही, मग गुणोत्तर कसं बदलेल?

पण कोन दुप्पट केला म्हणून साइन दुप्पट होत नाही. साइन ३०° = ०.५, तर साइन ६०° सुमारे ०.८६६, तो १ नाही. साइन ही कोनाला गुणायची संख्या नाही, त्यामुळे कंस सोडवल्यासारखं साइन (अ + ब) फोडू नका.

संमुख बाजू ६, कोन ३०°, कर्ण किती? इथे घाईत ६ × ०.५ = ३ लिहिलं जातं. अज्ञात बाजू छेदात आहे, म्हणून ६ ÷ ०.५ = १२. कर्ण सर्वांत मोठी बाजू असते, एवढं आठवलं तरी ३ हे उत्तर लगेच खटकेल. तसंच लघुकोनाचा साइन किंवा कॉस १ च्या वर गेला, तर भागाकार उलटा झाला आहे. टॅनला ही मर्यादा नाही.

कॅल्क्युलेटरवर साइन ३० ला −०.९८८ आलं, तर तो रेडियनमध्ये (कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककात) आहे, अंशांवर आणा. साइनच्या डोक्यावरचा −१ हा घातांक नव्हे. साइन इन्व्हर्स ०.५ म्हणजे ३०° चा कोन, तर १ भागिले साइन ३०° म्हणजे २.

शाब्दिक उदाहरणांत माझ्या मते सर्वाधिक गुण जातात ते अवनत कोनात, म्हणजे मनोऱ्यासारख्या उंच जागेवरून जमिनीवरची वस्तू पाहताना होणाऱ्या कोनात. हा कोन डोळ्यातून जाणाऱ्या आडव्या रेषेपासून मोजतात, मनोऱ्याच्या उभ्या रेषेपासून नाही, त्यामुळे तो त्रिकोणाच्या बाहेर पडतो. आडवी रेषा आणि जमीन समांतर असल्याने व्युत्क्रम कोनाच्या नियमाने तेवढाच कोन खाली जमिनीवर, वस्तूपाशी मिळतो. माप तिथे लिहा. मनोरा ६० मीटर उंच आणि अवनत कोन ३०° असेल, तर वस्तूचं पायथ्यापासूनचं अंतर ६० ÷ टॅन ३०°, म्हणजे सुमारे १०४ मीटर. कोन वरच्या टोकाशी मनोऱ्याला लावून लिहिला, तर साधारण ३४.६ मीटर येतं. अवनत कोन ४५° पेक्षा कमी असताना अंतर उंचीपेक्षा जास्तच हवं, त्यामुळे ३४.६ आलं की आकृतीकडे परत जा.