नदीकाठची बंद मिल गावासाठी उघडायचीय? मग हे आधी करा

बंद मिल दिसली की डोक्यात पहिल्यांदा भिंतीवरची चित्रं, कॅफे, नाटकाच्या तालमी हेच येतं, पण सुरुवात तिथून करू नका, पाण्यापासून करा.

जलसंपदा विभागाकडून पूररेषेचा नकाशा मिळवा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. शेड निळीच्या आत असेल तर नवीन बांधकाम डोक्यातून काढूनच टाका. आणि नुसत्या नकाशावर भागत नाही, शेजारच्या वस्तीतल्या जुन्या लोकांना विचारा पाणी कुठवर चढलेलं आणि तिथे भिंतीवर ऑइलपेंटने खूण करा. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं! मीटर, डीबी (विजेच्या स्विचांची पेटी), साऊंडचं सामान, पुस्तकं सगळं त्या खुणेच्या वर. खाली शहाबादी फरशी आणि लोखंडी टेबलं, म्हणजे गाळ पाइप लावून धुता येतो. प्लायवूडचं स्टेज खाली ठेवलंत तर एका पुरात फुगून वाया जाणार.

मग कागद. प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा काढा, बँकेचा बोजा आहे का, कोर्टात केस आहे का, कामगारांची देणी थकलीत का बघा. देणी बाकी असताना तिथे गाण्याचे कार्यक्रम करणं मला अजिबात पटत नाही, आधी कामगारांना भेटा, त्यांना जागा चालवणाऱ्या समितीत घ्या, छत कुठे गळतं आणि जमिनीखालची गटारं नदीला कुठे मिळतात हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

११ महिन्यांच्या करारावर छताला पैसे घालू नका. ॲमस्टरडॅममध्ये डे सव्हल (De Ceuvel) नावाची जागा आहे, बोटी बांधायच्या जुन्या कारखान्याची, तिथल्या लोकांनी महापालिकेकडून १० वर्षांसाठी जमीन घेतली. माती केमिकलने खराब झालेली, मग खोदायच्या भानगडीत न पडता जुन्या हाऊसबोटी उचलून जमिनीवर ठेवल्या, त्यात ऑफिसं आणि स्टुडिओ केले, चालायला लाकडी पूल बांधला आणि खाली माती साफ करणारी झाडं लावली. २०१४ मध्ये सुरू झालं. आपल्याकडे डाईंगचं (कापड रंगवायचं) युनिट असेल तर मातीची टेस्ट कराच, पोरं तिथे खेळणार आहेत.

स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी), फायरची परवानगी हे तर लागतंच. जुने सिमेंटचे पत्रे मात्र स्वतः फोडू किंवा ड्रिल करू नका, त्यात ॲस्बेस्टॉस (फुफ्फुसांना घातक तंतू) असू शकतं, माहितगार माणूस बोलवा.

आतली कामं सगळी एकदम करायची गरज नसते. ॲमस्टरडॅमलाच एनडीएसएम नावाच्या शिपयार्डमध्ये (जहाजं बांधायच्या कारखान्यात), जे १९८४ ला बंद पडलं, मोठ्या शेडच्या आत नुसता सांगाडा उभा केला आणि आतलं बांधकाम कलाकारांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे केलं, त्यामुळे भाडं आवाक्यात राहिलं. आपल्याकडेही हेच करा, पत्रा, लाईट, पाणी आणि चांगले संडास (बायकांसाठी वेगळे, दाराला कडी लागणारे) एवढं समितीने द्यायचं, बाकी ज्याचं त्याने.

भाडं सगळ्यांना सारखं लावू नका. कॅफेवाल्याकडून बाजारभावाने घ्या, भजनी मंडळ, लेझीम पथक, बचत गट यांच्याकडून नुसतं लाईटबिल, आणि हे पहिल्याच मीटिंगमध्ये ठरावात लिहून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही.