ध्रुवीय समुद्रातली छोटी वादळं: अंदाज बांधताना या चुका टाळा

नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात हिवाळाभर छोटी, तापट वादळं उठतात. मोठ्या चक्रीवादळांच्या सवयीने त्यांना शोधायला गेलं, तर ती हमखास निसटतात. व्यास बहुधा 200 ते 500 किलोमीटर, आयुष्य जेमतेम दीड दिवस. वारा मात्र ताशी 54 किलोमीटरच्या वर, कधी त्याच्या दुप्पट.

नकाशावर समदाब रेषांची वेटोळी दिसत नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका. आधी बघा, बर्फावरची गार हवा मोकळ्या पाण्यावर उतरतेय का. मग समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान घ्या आणि 500 हेक्टोपास्कल पातळीवरच्या, म्हणजे साधारण पाच किलोमीटर उंचीवरच्या तापमानाशी ताडून पाहा. पाणी 4 अंश आणि वर उणे 40 असेल, तर फरक 44. सुमारे 43 ओलांडले की सावध व्हायचं.

पण नवशिके इथेच फसतात. आकडा गाठला की लगेच इशारा! फरक पुरेसा असूनही कित्येकदा काहीच घडत नाही. वरच्या थरातून गार हवेची द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, सरकत येतेय का, हे तपासल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबू नये.

उपग्रहचित्रांचंही तसंच. ध्रुवीय रात्रीत दृश्य प्रकाशातली चित्रं कुचकामी. अवरक्त, म्हणजे उष्णतेवरून टिपलेली चित्रंच लागतात. विषुववृत्तावर एकाच जागी राहणाऱ्या भूस्थिर उपग्रहाला हा भाग फार तिरका दिसतो, त्यामुळे ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या फेऱ्या बघायच्या. ढगांचं प्रत्येक वेटोळं म्हणजे वादळ नव्हे. त्याखालचा वारा स्कॅटरोमीटरवर, म्हणजे समुद्रावरचा वारा मोजणाऱ्या उपग्रहातल्या रडारवर पडताळा. आपल्या इस्रोच्या ओशनसॅट मालिकेतही हे उपकरण बसवलेलं आहे, याचा मला अभिमान वाटतो.

हवामानाचा अंदाज काढणाऱ्या संगणकीय मॉडेलची जाळी ढोबळ असेल, तर अशी वादळं त्यात पुसट होतात. नॉर्वेचं आरोम-आर्क्टिक अडीच किलोमीटरच्या जाळीवर चालतं, म्हणून ते बारकावे दाखवतं. तरी त्याने दाखवलेली जागा पक्की धरू नका. वादळ होणार हे बरोबर ठरतं, पण ते कुठे धडकणार हे शेवटच्या काही तासांतही सरकतं. एन्सेम्बलमधल्या, म्हणजे किंचित वेगळ्या सुरुवातींनी मॉडेल अनेकदा चालवून मिळालेल्या, सगळ्या शक्यता पाहूनच इशाऱ्याचा पट्टा ठरवा.

सगळ्यात जिवावरची चूक म्हणजे इशाऱ्यात फक्त वाऱ्याचा वेग देणं. गोठणबिंदूखालच्या हवेत लाटांचे तुषार डेकवर, दोरखंडांवर, रेलिंगवर बर्फ होऊन साचतात. छोटी मासेमारी बोट वरून जड होते आणि कलंडते. बर्फ साचण्याचा धोका इशाऱ्यात वेगळा, ठळक लिहा, आणि बोट बंदरात परतू शकेल इतक्या आधी तो पोचवा.