बोर्डाकडे ब्रीफ पाठवण्याआधी

अमेरिकेच्या पेटंट ट्रायल अँड अपील बोर्डाकडे अपिलात जायचंय, आणि पेटंट ऑफिसचा परीक्षक म्हणतोय की तुमच्या लिथियम-आयन सेलमधलं सगळं एका जुन्या पेटंटात आलेलं आहे. फी, अर्ज क्रमांक, सह्या हे सांगत बसत नाही. अपिलाची नोटीस दिल्यापासून ब्रीफला, म्हणजे लेखी युक्तिवादाला, दोन महिने, एवढं लक्षात असू द्या.

ते जुनं पेटंट अख्खं वाचा, परीक्षकाने उचललेल्या ओळी नव्हेत. कॅथोड एका उदाहरणातला आणि इलेक्ट्रोलाइट भलत्याच उदाहरणातला असं कडबोळं त्याने केलंय का? कलम 102 खाली, म्हणजे ‘हे नवं नाही’ म्हणायला, घटक नुसते एका दस्तऐवजात असून भागत नाही, दाव्यात (अर्जातल्या ज्या क्रमांकित वाक्यात तुम्ही हक्क मागता त्यात) जुळवलेत तसेच जुळलेले लागतात. फेडरल सर्किट अपील कोर्टाच्या 2008 च्या नेट मनीइन निकालात ते स्वच्छ आहे. मग तक्ते, एकेक ओळ. वर्णनात ‘ॲडिटिव्ह 0.1 ते 10 टक्के’ असं मोघम असेल आणि तुमच्या दावा 1 मध्ये 0.5 ते 2, तर भांडायला जागा आहे. पण तुलनेसाठी बनवलेल्या एखाद्या सेलमध्ये 2 टक्के विनायलीन कार्बोनेट (तेच ॲडिटिव्ह) सापडलं, की दावा 1 गेला. पल्ल्यातला एक आकडाही पुरतो.

आता नीट ऐका. दावा 7 मध्ये 1 ते 1.5 टक्के आहे, म्हणजे तो सेल त्यात बसत नाही. 7 वाचतो, पण ब्रीफमध्ये त्याच्या क्रमांकाचं वेगळं उपशीर्षक असेल तरच. नाहीतर बोर्ड दावा 1 निवडून त्याच्यासोबत बाकीचेही निकालात काढतं. माझा 7 असाच गेला, तोही जिंकण्यासारखा. वेगळं उपशीर्षक! आणि खाली ‘दावा 7 मध्ये अमुक टक्के आहे’ एवढंच लिहिलंत तर तो युक्तिवाद धरत नाहीत. जुन्या पेटंटात ते का नाही, ते लिहा.

‘दाव्यातला ॲनोडवरचा थर जुन्या सेलमध्येही आपोआप बनतोच’ असं परीक्षक म्हणाला, तर ‘बहुधा बनतो’ पुरत नाही, अटळपणे बनायला हवा. उलट दाखवणारी चाचणी आणि शपथपत्र नोटिशीआधीच दाखल करा; नंतर आत घालणं अवघड, ब्रीफ गेल्यावर जवळपास अशक्य.

उपशीर्षक लावलंत? पुन्हा बघा.

परीक्षकाचं उत्तर आलं की दोन महिन्यांत प्रत्युत्तर, फॉरवर्डिंग फी (अपील बोर्डाकडे पुढे पाठवायची), हवी तर तोंडी सुनावणीची मागणी. प्रत्युत्तरात सबळ कारणाशिवाय नवा मुद्दा घेत नाहीत, त्यामुळे राहिलेला 7 तिथे घुसवता येत नाही.